ढोलीसारखी पेटी

१५ नोव्हेंबर १९५३
घरमालकांनी अंगणातला आंबा तोडला. ढोलीतल्या सातेरी मधमाशा मावसभाऊ विश्रामने लाकडी पेटीत उतरवून दिल्या. माशा आईच्या लाडक्या. ती गेल्यापासून अप्पा अंथरुणातून उठतात ते फक्त सकाळी त्या बघायला. माशा गेल्या तर तेही बंद. तेव्हा त्या टिकवायच्या. प्रश्न निव्वळ टेक्निकल आहे. रडत बसण्यासारखं त्यात काही नाही.

१७ नोव्हेंबर
ढोलीची भिंत वीतभर जाड होती. पेटीची फळी बोटभरही नाही. दुपारी तापते, पहाटे गार पडते. कारखान्यात आम्ही वाफेच्या नळांना इन्शुलेशन करतो, तेच इथे करायचं. दोन दिवसांचं काम.

२२ नोव्हेंबर
पेटीभोवती लाकडाचा भुसा भरला. मुंग्या लागल्या. भुसा बाद. तत्त्व बरोबरच आहे.

२९ नोव्हेंबर, दुपार
आईच्या ट्रंकेतून तिची गोधडी काढली. जुन्या लुगड्यांचे थर, मधे हवा अडकलेली. याहून चांगला पदार्थ मिळणार नाही. नुसती पडून तर होती. कापून चार तुकडे केले. मधे हात थांबला. कात्रीला धार नव्हती.
तुकडे पेटीला बांधले, वरून मेणकापड. माशांना दार तेवढं ठेवलं.
शेजारच्या कमळाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अगं नीला, ठाण्यात थंडी कसली? माशांना बाळंतिणीसारखं काय गुंडाळतेस?" त्यांना उष्णतावहन समजावून सांगितलं. त्या कढी उतू जाईल म्हणून आत गेल्या.

१ डिसेंबर
अप्पांनी खुर्ची पेटीला अगदी लावून घेतली. म्हणाले, "तिची ट्रंक उघडल्यासारखं वाटतंय गं." मला तसं काही जाणवलं नाही. दुसऱ्यांदा चहा मागून घेतला त्यांनी. प्रयोग यशस्वी.

४ डिसेंबर
माशा आत न जाता दाराबाहेर घोस करून बसल्या आहेत. मोकळी हवा घेत असाव्यात.
कमळाबाई म्हणाल्या, "बिऱ्हाड बाहेर काढल्यासारख्या बसल्यात गं बिचाऱ्या." नव्या जागेत रुळायला वेळ लागतो, असं मी सांगितलं. कमळाबाईंना सांगण्यात अर्थ नाही.

६ डिसेंबर
सकाळी सगळ्या एकदम उठल्या. घरावर एक घिरटी घातली आणि टेंभी नाक्याच्या दिशेने गेल्या. अप्पा टोपी न घालता मागोमाग रस्त्यापर्यंत गेले. परतले ते सरळ अंथरुणात शिरले. जेवलेही नाहीत.
दुपारी पेटीजवळ उभी राहिले तेव्हा कळलं. डांबराच्या गोळ्या. किडे पळावेत म्हणूनच आई त्या ट्रंकेत घालायची. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. ती गेल्यापासून ट्रंक कितीदा उघडली असेल, दरवेळी झाकण धरून उभी राहते. तो वास मला गोळ्यांचा कधी वाटलाच नाही. आईचा वाटला.

८ डिसेंबर
गोधडी सोडवून घ्यायला अंगणात गेले. उन्हात ठेवून पुन्हा शिवता येईल, असा विचार होता. अप्पा माझ्याआधीच उठून रिकाम्या पेटीपाशी बसले होते. डोळे मिटलेले.
"राहू दे गं," म्हणाले. "इथं बसलं की बरं वाटतं."
कात्री परत ठेवली.
त्या गोळ्यांचं नॅफ्थलीन उघड्यावर राहिलं की त्याचं पाणी होत नाही, सरळ हवेत उडून जातं. मागे काही उरत नाही. अप्पांना हे सांगितलेलं नाही.