नववीचे दोन दिवस

२ डिसेंबर, सोमवार
संजय सर पंक्चर काढायला गॅरेजवर आले. चाक निघेपर्यंत म्हणाले, "आसिम, तू तं रानावनात भटकतंच. आमच्या नववीच्या पोट्ट्यायले ने ना टेकडीवर दोन दिवस. दोर, नकाशा, चढण. पुस्तकातून येत नाही ते."
मला सांगतात! मी नववीतच रागानं शाळा सोडली. त्या रागात ट्रकवर बसून केळापूरपर्यंत गेलतो. तिथं एका हॉटेलात अशी भजी मिळाली — ते राहू दे. हो म्हणालो.
अब्बा पान्यावरून नजर न काढता बोलले, "मास्टरसाब, इसकोच रस्ता नै मालूम."

६ डिसेंबर, शुक्रवार
आज सराव. अर्धाच दिवस, गावाच्या नाल्याकाठचे खडक. वर्गात सगळ्यात मोठा आवाज बंटीचा. अर्ध्या खडकावर गेला अन् गोठला. ना वर, ना खाली. मी दोर घेऊन निघालो तर खुशी आधीच खाली उभी — त्याच वर्गातली, शेतकरी विठ्ठलरावांची पोरगी.
"बंटी, खाली नको पाहू. डावा पाय सोड. वीतभर खाली खोबण हाय. ठेव. आता उजवा."
उतरवलं तिनं.
सर माझ्या कानाशी म्हणाले, "सहा महिन्यांत हिचा आवाज पहिल्यांदा ऐकला मी."
परत येताना बोरं खाल्ली. आंबट होती, तरी खिसा भरून आणली. खुशीनं विचारलं, "दादा, टेकडीवरून काय दिसते?" सांगायला गेलो तर सांगताच येईना. म्हटलं, पुढच्या शनिवारी पाहशीलच.

९ डिसेंबर, सोमवार
मुलींच्या घरी वेगळी चिठ्ठी पाहिजे, सर म्हणाले. चांगल्या अक्षरात लिहिली — "नववीच्या सर्व मुली शनिवार-रविवार दोन दिवस बाहेर बसतील. पालकांनी सही करावी." वर्गात बसतात, तसं बाहेर. सरांनी न वाचताच शिक्का मारला.

१० डिसेंबर
एकही सही नाही. विठ्ठलराव कागद घेऊन शाळेतच आले. "कोणं लिहिलं हे? आमच्या पोरी कधी बाहेर बसतीन, हे आता शाळा ठरवन काय?"
मी म्हटलं, "काका, झाडाखाली बसतीन ना. सावलीत."
ते आणखीच भडकले.
सरांनी मला आत ओढलं, दार लोटलं. "अरे बाबा, बाहेर बसणं म्हंजे पाळी. बायायचं महिन्याचं."
आमच्या घरी असं कोणी म्हणत नाही. अम्मी काय म्हणते तेही माहीत नाही. बावीस वर्षांचा झालो, मराठीत भांडतो, मराठीत पंक्चरचा भाव सांगतो, अन् हे माहीत नाही.
मुख्याध्यापक म्हणाले, मुली नाहीत तर शिबिर नाही. खुशी फाटकाजवळ उभी होती. माझ्याकडे पाहिलं नाही तिनं.

१२ डिसेंबर
विठ्ठलरावांच्या घरी गेलो. माफी मागितली. आतून हसण्याचा आवाज. वच्छलाबाई, खुशीची आई, तोंडाला पदर लावून बाहेर आल्या. "पोराच्या घरची बोलीच निराळी हाय. त्याले काय समजते? करा सही."
विठ्ठलरावांनी सही केली. मग म्हणाले, "पोरगी जाईन. शाळेतल्या पायल मॅडम सोबत पाहिजे. अन् तू नाही."
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
रात्रीच नकाशा काढून सरांना नेऊन दिला. दोरही.

१४ डिसेंबर, शनिवार
विठ्ठलरावांची सही पाहून बाकीच्यांनीही केल्या. गेले सगळे.
गॅरेजमधून टेकडी दिसत नाही. दहा किलोमीटर आहे. तरी दर अर्ध्या तासानं बाहेर येऊन उभा राहतो. आता नाला ओलांडला असेल. आता चढण. बंटी बडबडत असेल, नाहीतर एकदम चूप. दोन गाड्यांचे नट उलटे बसवले. अब्बांनी पाना घेऊन ते पुन्हा बसवले.
नववीत असताना मला कोणी असं नेलं असतं, तर पळालोच नसतो बहुतेक. किंवा परत शाळेत तरी आलो असतो.

१६ डिसेंबर, सोमवार
दोर आणायला शाळेत गेलो. खुशी धावतच आली. नाक सोललेलं, गुडघा फुटलेला.
"दादा, रविवारी धुकं आलं. मॅडम म्हणे परत फिरू. मी म्हटलं, नको, नाल्याचा आवाज डावीकडं ठेवून पुढं जाऊ. अन् निघालो ना बरोबर!"
मग एकदम हळू — "धुकं गेलं. वरून पायथ्याचं आमचं वावर रुमालाएवढं दिसते. आई कापूस वेचून राह्यलती. मुंगीएवढी. लय हाका मारल्या. तिनं वर पाह्यलंच नाही."

२२ डिसेंबर, रविवार
टेकडीच्या पायथ्याशी वच्छलाबाई अन् वेचणीच्या चार बाया. पुढं खुशी, हातात नकाशा. मी गाडी थांबवली. काका कुठं, विचारलं.
"कापूस वेचून राह्यले," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोरगी नेते आमाले वर. तुयं काम नाही. पण येत असशीन तं ये, मांगून चाल."
मागून चाललो.