वरच्या पायरीची लेस

म्हैसूर,
२२ सप्टेंबर १९८८

प्रिय कुसुमला गौराक्काचे आशीर्वाद. (दोनच वर्षांनी मोठी आहे, पण हक्क सोडणार नाही.)

तुझं पत्र सोमवारी मिळालं, पाकिटातली लेसही. अक्षर बघून हसू नकोस. पेन नवं आहे, नीट वळत नाही.

इकडे सगळं ठीक. गौरी-गणपती पार पडले. तुमच्या नॉटिंगहॅमला आतापासूनच शेकोटी लागते म्हणतेस, इथे रडका पाऊस आहे. बन्नीमंटपच्या मशालींच्या कवायतीचे पास मिळवायला आमचे हे यंदा कुणाकुणाच्या पाया पडतायत, त्यांनाच ठाऊक. सून वनजा दसऱ्याला नऊ पायऱ्यांवर मांडायच्या गोंब्या, आपल्या बाहुल्या गं, पेटीतून काढून पुसत बसलीय. राणीच्या नाकाचा रंग पुन्हा उडाला. राजा मात्र ठणठणीत! दरवेळी बायकांचंच नाक का गं?

आता लेस. अय्यो कुसुमे, काय हात आहे तुझा! मी ती खिडकीत नेऊन आधी उलटी करून पाहिली. पुढून काय, कुणीही फसवेल. एक गाठ सापडली नाही. क्रोशाच्या अननसाच्या नमुन्यात टोकाला साखळ्या कमी करताना भल्याभल्यांची लेस चुण्या घेते, माझीसुद्धा. तुझी सपाट पडलीय. तुझ्या क्राकोच्या मैत्रिणीनं, हेलेनानं, नाताळासाठी विणलेली, तू सोबत पाठवलेली चांदणीही सुरेख आहे, पण कांजी फार. पापडासारखी मोडेल. तिला लिही, साबुदाण्याची पातळ कांजी कर म्हणावं. पोलंडात साबुदाणा मिळत नसेल तर मी पाठवते.

तू विचारलंस, आषाढात मी पाठवलेल्या रुमालाच्या कडेचे खांब, ते उभे टाके, उलटीकडे कसे कलले, नवा नमुना का? ते सांगते पुढे.

आठ ऑक्टोबरला तू येतेस, हे वाचून मी आनंदानं ओरडले. मग पुढची ओळ वाचली आणि पत्र मिटून ठेवलं. "तीस वर्षं माझी लेस तुझ्या वरच्या पायरीवर, राजाराणीच्या पायाशी लागतेय. एकदा डोळ्यांनी बघायचीय, फोटो काढून हेलेनाला पाठवायचाय."

कुसुम, पेनला दोष देणं आता साकु, पुरे झालं.

फेब्रुवारीत मला अर्धांगाचा झटका आला. तोंड सावरलं, पाय सावरला, उजवा हात नाही सावरला. तुला कळवायचं नाही असं मीच यांना बजावलं होतं. उजव्यात आता दोरा धरण्यापुरती ताकद आहे. सुई डाव्या हातात. हे पत्रही डाव्याच हातानं लिहितेय, तीन दिवस झाले.

मार्च महिनाभर मी नुसती चिडत होते. वनजावर, यांच्यावर, कुकरच्या शिट्टीवर. मग तू आठवलीस. आई ओसरीवर मला विणायला शिकवायची आणि तुला समोर बसवायची. डावरी मुलगी शेजारी बसली की सुयांची मारामारी होते म्हणायची. समोर बसल्यामुळे माझा उजवा हात तुला आरशातल्यासारखा डावा दिसायचा. तेवढ्यावर शिकलीस तू! शाळेत मास्तरांनी छड्या मारून उजव्या हातानं लिहायला लावलं, पण सुई तू बदलली नाहीस. नऊ वर्षांची होतीस. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी तुझी जुनी लेस मांडीवर घेऊन टाका टाका बघत बसले, तर पहिलं फूल व्हायला अकरा दिवस लागले. माझे खांब तुझ्यासारखे कलले तेव्हा मी रडले गं.

आता खरं अवघड ते. ती जुनी लेस मी पायरीवरून नाही काढली. ट्रंकेतून काढली.

तुझी एकही लेस वरच्या पायरीवर लागलेली नाही. एकाही दसऱ्याला नाही. पहिल्या वर्षी आई म्हणाली, "डावऱ्या हाताचं देवापुढं नको." मी ती ट्रंकेत ठेवली आणि तुला लिहिलं, लावली, सगळ्यांनी विचारलं कुणाची म्हणून. आई सत्तर साली गेली. त्यानंतर अडवायला कोण होतं? कुणी नाही. मीच. तुझी लेस वर लागली असती तर खालच्या आठ पायऱ्यांवरच्या माझ्या लेसेकडे कोण बघणार होतं? जळत होते मी. दरवर्षी दार लावून तुझी लेस उलगडायची, हात फिरवायची, बाबांनी स्वतः ठसे मारून छापलेल्या कापडात पुन्हा गुंडाळून ठेवायची. आणि तुला खोटं लिहायची.

वनजा म्हणाली, "अत्ते, त्या यायच्या आत लावून टाकूया. कुणाला कळतंय?" हो म्हणायला तोंड उघडलं होतं. पण जुन्याही तू बघायला मागितल्या असत्यास आणि तीस वर्षांच्या घडीच्या पिवळ्या रेघा तुझ्या नजरेतून सुटल्या नसत्या. आणि रेघा नसत्या तरी मला ते जमलं नसतं. तुझ्या हातानं विणायला शिकले आणि तुलाच पुन्हा फसवू?

यंदा वरची पायरी उघडी ठेवते. ट्रंक तुझ्यासमोर उघडेन. जुन्या तीस आणि ही एकतिसावी. एकीलाही कसर लागू दिली नाही, तेवढीच माझी बाजू. रागावून परत फिरलीस तर अडवणार नाही, तो हक्क मला राहिला नाही. पण राहिलीस तर तुला हवी ती निवड आणि तुझ्या हातानं लाव. त्याच हातानं.

खालच्या पायरीसाठी मी विणतेय, वीतभरच झालीय. टोकाला चुण्या पडतात. तेवढं मला शिकव. शिकवताना समोर नको बसूस कुसुम. आता माझाही हात तुझ्याच बाजूचा आहे. शेजारी बस.

तुझी डावरी
गौराक्का