आतली कडी

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हटलं की तुम्ही मुद्दाम चढता, म्हणून म्हणत नाही. माझं ठीक चाललंय. शाळेतल्या सगळ्या मुलांना एकदमच फळा दिसेनासा झालाय, त्यामुळे दुकानात चष्म्याच्या काचा घासून घासून हात मोडून येतात. मालक खूश आहेत.

पत्राचं कारण असं की मी घराची दोन्ही कुलुपं बदलली. पुढच्या दाराचं आणि मागच्या दाराचंही. म्हणजे तुमच्या किल्लीने आता दार उघडणार नाही. नवी किल्ली तुम्हाला पाठवायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही. हे तुमचं माहेर. आईंनी घर माझ्या नावावर केलं तेव्हा साक्षीदार म्हणून सही तुम्हीच केलीत, तीही हसत हसत. तुमचं शिलाई मशीन अजून मागच्या खोलीत आहे. म्हणून फोनवर उरकण्याऐवजी लिहायला बसले. लिहिता लिहिता ठरेल.

कुलूप निवडणं हे स्थळ बघण्याइतकं कटकटीचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. कुलूपवाला घरी आला, दार ठोकून बघितलं, फटीत पट्टी सरकवली आणि म्हणाला, "बाई, चोरी झाली का?"

"नाही."

"मग होईल अशी भीती?"

"चोराची नाही. ज्याच्याकडे किल्ली आहे त्याची."

त्याने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि म्हणाला, "मग जरा भारीतलं दाखवतो." धंदा तो धंदा!

आधी नंबरचं कुलूप काढलं. किल्लीच नको, चार आकडे दाबायचे. पण माझ्या आयुष्यातल्या सगळ्या तारखा तुमच्या भावाला पाठ आहेत आणि मला तारखा सोडून दुसरे आकडे लक्षात राहत नाहीत. ते बाद. मग बोटाच्या ठशाचं. माझी बोटं काचा घासून इतकी गुळगुळीत झालीत की त्या यंत्राला मी दिसेचना. डावा अंगठा, उजवा अंगठा, सगळी दहा बोटं झाली. कुलूपवाला म्हणाला, "बाई, तुम्ही चुकीच्या लायनीत आलात. तुम्ही दरोडे घालायला हवे होते." मी हसले. खूप दिवसांनी हसले, म्हणून कळवते.

शेवटी त्याने जे सुचवलं ते दोन्ही बाजूंनी किल्लीचं होतं, आपल्या जुन्यासारखंच, फक्त मजबूत. दाराशेजारी काच आहे, ती फोडून कुणी हात घातला तरी आतून उघडता येणार नाही, असं त्याचं म्हणणं. सल्ला योग्यच होता. मी नको म्हटलं. त्याने कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

आईंचा नियम तुम्हाला आठवत असेल. घरातलं माणूस बाहेर असताना आतून कडी घालायची नाही, आलेल्याला वाटतं आपली वाट कुणी बघत नाही. तुम्ही त्यातच वाढलात, मी लग्नानंतर शिकले. तुमचा भाऊ स्वतःची किल्ली टेबलावर आपटून गेला, तरी मी कडी घातली नाही. हात जायचाच नाही तिकडे. सुरुवातीला थोडी वाटही बघत होते, तेही लिहून टाकते.

गेल्या महिन्यातला गुरुवार, माझ्या सुट्टीचा. जेवून आडवी झाले होते. खुर्ची ओढल्याच्या आवाजाने जाग आली. बाहेर येऊन बघते तर तुमचा भाऊ पुढच्या दाराला खुर्ची लावून बसलेला. म्हणाला, "घाबरतेस काय? परका आहे का मी?" दार आतून बंद केलेलं. खुंटीवरची माझी किल्ली त्याच्या खिशात. मागच्या दाराला तर मी तेव्हा बाहेरूनच कुलूप लावायचे. म्हणजे घर माझं, आणि बाहेर पडायची सोय नाही.

हात उचलला नाही. तेवढं मान्य करते. संध्याकाळपर्यंत बसून होता. आधी रडला, मग ओरडला, मग चहा मागितला. गार झाला म्हणून पुन्हा करायला लावला. मी केला. निम्मा बशीत सांडला. मग बेल वाजली. शेजारच्या मास्तरीणबाई पाणी कधी येणार ते विचारायला आल्या होत्या. तो उठला, खिशातून किल्ली काढून दार उघडलं, त्यांना हसून नमस्कार केला आणि गेला. माझी किल्ली जाता जाता खुंटीला परत अडकवली. फार व्यवस्थित माणूस!

दार उघडलं ते त्याने त्याच्या हातातल्या किल्लीने. तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

ताई, तो ठिपका तुम्ही आपल्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून लावला होता. सासरच्या किल्लीत मिसळायला नको म्हणून. मी बाटली धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. "काय गं, झालं का बोलणं?" मी तोवर कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता. मी म्हटलं, झालं. तुम्ही म्हणालात, "बघ, मी म्हणत नव्हते? समोरासमोर बसलं की सगळं सुटतं."

तुमचा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं. तो तुमचा धाकटा भाऊ, त्याचा संसार मोडू नये असं तुम्हाला वाटणारच. पण मागे माझ्या मनगटाला पट्टी तुम्हीच बांधली होतीत. डॉक्टरांना "बाथरूममध्ये पाय घसरला" हेही तुम्हीच सांगितलंत. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. त्याच्या हातात किल्ली ठेवतानाही माहीत होतं. मला तुमचा राग आलाय, ताई. फार राग आलाय. त्याच्यापेक्षा तुमचा जास्त, कारण त्याच्याकडून मी कसली अपेक्षा धरायचं कधीच सोडलं होतं.

असो. कुलुपाचं सांगत होते. पुढच्या दाराला जे घेतलं ते बाहेरून किल्लीचं आणि आतून नुसती मूठ फिरवायची. किल्ली कुणाच्याही खिशात असो, आतलं माणूस केव्हाही बाहेर पडू शकतं. मागच्यालाही तसंच बसवलं, ते बाहेरचं कुलूप भंगारात टाकलं. एकाच किल्लीने दोन्ही दारं उघडतात. त्या किल्लीची नक्कल कुठे करून मिळत नाही, त्याला एक कार्ड लागतं आणि ते माझ्याकडे आहे. कुलूपवाल्याने दारात बघायचं भोकही पाडून दिलं.

किल्ल्या दोन आल्या. एक माझ्या पर्समध्ये. दुसरी हे पत्र लिहायला घेतल्यापासून समोर पाकिटाशेजारी ठेवली आहे. मघाशी उठून नेलपॉलिशची बाटलीसुद्धा शोधून आणली. झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

किल्ली पाठवत नाही, ताई. ती मास्तरीणबाईंकडे ठेवणार आहे.

तुम्ही मात्र या. मशीनला तेल घालून ठेवलंय. गुडघा बरा झाला की या, आणि एकट्या या. बेल वाजवा. मी आधी भोकातून बघेन, मग दार उघडेन. स्वतःच्या माहेरी बेल वाजवून उभं राहायचं म्हणजे वाईट वाटेल. वाटू द्या. दार उघडायला मला वेळ लागणार नाही.

आणि ती कडी. एवढं भारी कुलूप असताना कडीची गरज नाही, असं कुलूपवाला सांगून गेला होता. पण काल संध्याकाळी दुकानातून आले, चपला काढल्या, दिवा लावला आणि आतून कडी घातली. आईंचा नियम मोडला नाही. घरातली सगळी माणसं घरात आली होती.

त्याची कुणी नसले तरी अजून तुमची,
वहिनी