खळं पडलेला दिवस

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुमची लेक आता पगार घेऊन ढग बघते. हे कळलं असतं तर जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तुम्ही भेटेल त्याला थांबवून सांगितलं असतं. उपग्रह साऱ्या पृथ्वीची चित्रं पाठवतात, त्यांत मी सगळ्यात उंचावरचे, बर्फाच्या कणांचे ढग शोधते. पुस्तकात त्यांना सिरस म्हणतात, तुम्ही पिंजलेले म्हणायचा. ते इतके विरळ असतात की उपग्रहाला कधीकधी त्यांच्या आरपार जमीनच दिसते आणि तो आभाळ मोकळं असल्याचं कळवतो. असे सुटलेले ढग पकडायचे, हे माझं काम. मला ते मनापासून आवडतं.

परवा आपल्याच भागावर मोकळं आभाळ दाखवलं होतं. त्याच दुपारी दादाचा गावाहून फोन. म्हणाला, "सूर्याला ह्ये मोठं खळं पडून राहिलं बघ. आबा आसते तर मेंढ्यांची कातरणी थांबिवली आसती." बर्फाच्या कणांशिवाय सूर्याभोवती असं कडं पडत नाही. मी चित्र पुन्हा तपासलं, तर ढग होता. आधी खूश झाले, मग ती कातरणी आठवली.

मी अकरावीत आहे. मेंढ्या ओढ्यात धुऊन झाल्यात, कातरीला धार लावलीय, आणि तुम्ही हातानं ऊन अडवून वर बघताय. "खळं हाय. दोन दिस थांबू." मी म्हणते, "रेडिओवर पाऊस न्हाई म्हनले." तुम्ही शिकणाऱ्या लेकीकडे एकदा बघता आणि कातर उचलता. तिसऱ्या दिवशी नव्या बांगड्या भरून मी औंढ्याहून परतले, तेव्हा गार पाऊस पडत होता. तुमची घोंगडी, आईची लुगडी, पोती, सगळं कातरलेल्या मेंढ्यांच्या अंगावर होतं. तरी दोन म्हाताऱ्या मेंढ्या गेल्या. मला तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. "त्या डब्याला काय ठावं आपल्या आभाळाचं," म्हणालात आणि रेडिओ आत्याला देऊन टाकला.

आबा, रेडिओ त्या दिवशी कुणी लावलाच नव्हता. मेंढ्यांचे पाय धरायला तुम्हाला मीच लागायचे. कातरणी दोन दिवस पुढं गेली असती तर माझं मैत्रिणीबरोबर औंढ्याला जाणं हुकलं असतं, एवढंच.

हे पत्र दादालाही दाखवणार नाही. त्याचा अजून रेडिओवरच राग आहे.