ईशान्येचा ठराव, चौदा विरुद्ध नऊ

मालाड, मंगळवार

पार्ले मुक्कामी सुखरूप असलेले (असालच, तुमची प्रकृती पहिल्यापासून माझ्यापेक्षा दणकट) आमचे साडू चंद्रप्रकाशराव यांना श्यामसुंदरचा मनापासून नमस्कार. लताची पाठ कशी आहे? वसुधा म्हणते बरी आहे, म्हणजे असणारच, दोघी बहिणींचं रोज तासभर बोलणं चालतं. आपलं मात्र आमच्या निहारच्या लग्नापासून, म्हणजे आठ महिने, बोलणं नाही. माझ्या फोनवरून तुमचा नंबर लागत नाही. वसुधाच्या फोनवरून पहिल्या झटक्यात लागतो, तेव्हा माझ्या कंपनीचाच काहीतरी घोटाळा असावा, म्हणून हे पत्र. लग्नात पंगतीला मी सहज काहीतरी बोललो आणि तुम्ही मठ्ठा यायच्या आत उठलात, तेव्हाच मी वसुधाला म्हटलं होतं की यांना ॲसिडिटी झालेली दिसते.

असो. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीचं काम आता संपल्यात जमा आहे, ती हकिकत कळवतो. तुम्हाला ठाऊकच आहे (तरी सांगतो, मला सांगायला आवडतं), जुनी इमारत पाडल्यावर आमच्या भूखंडाचे दोन भाग झाले. पुढच्या अर्ध्यात बिल्डरचा विकायचा टॉवर, मागच्या अर्ध्यात आम्ही जुने तेवीस सभासद, मधून नवा रस्ता आणि रस्त्याच्या कडेनं पावसाच्या पाण्याचं गटार. सेक्रेटरी अर्थातच मी. गेली तीन वर्षं सगळे भाड्याच्या घरांत विखुरले आहेत. मालाडच्या या इमारतीला लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे एकदा तिसऱ्या मजल्यावर चढले ते उतरायचं नाव घेत नाहीत. तीन वर्षांत तिचा पाय जमिनीला लागलेला नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी ती विचारते, चावी कधी? पालिकेचा दाखला मिळाला की चावी, असं मी रोज सांगतो. मागच्या महिन्यात तर तारीखच सांगून टाकली, कारण माझा माझ्या कामावर विश्वास आहे.

आता शुल्काचं प्रकरण. जागेचे दोन भाग झाल्यामुळे पालिकेच्या गटाराला जोडणीचं शुल्कही दोनदा भरायचं होतं. बिल्डर म्हणाला, निम्मं तुम्ही द्या. अहो, मी अडतीस वर्षं विमा कचेरीत दावे तपासले आहेत (वसुधा म्हणते, फेटाळले आहेत, तिचा शब्द). करारनामा घेऊन त्यांच्या ऑफिसात ठाण मांडून बसलो आणि त्यांचेच चार चहा व एक समोसा संपेपर्यंत सगळं शुल्क त्यांच्या गळ्यात घातलं. शिवाय पुढे कटकट नको म्हणून माझ्या हातानं एक कलम वाढवून घेतलं, की यापुढे जो आराखडा बदलायला लावील त्यानंच त्या बदलाचं शुल्क आणि खर्च सोसायचा. बिल्डरनं इतक्या झटकन सही केली, की माझा किती वचक आहे ते सगळ्या कमिटीला दिसलं. हे कलम सभेत वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. (दोनदा. दुसऱ्यांदा मी पुन्हा वाचलं म्हणून.)

मग आला उताराचा प्रश्न. बिल्डरची इंजिनीयर ऋतिका म्हणून एक मुलगी आहे, तुमच्या गंधालीच्याच वयाची, हुशार पण हट्टी. तिनं आराखड्यात गटाराचा उतार नैऋत्येला दाखवला होता, का तर पालिकेची लाइन त्या कोपऱ्यात आहे. हे ऐकताच पहिल्या मजल्याचे रतनभाई उभे राहिले. नैऋत्येला पाणी म्हणजे लक्ष्मी घराबाहेर, पाणी ईशान्येलाच गेलं पाहिजे, असं त्यांनी निक्षून सांगितलं. वास्तुशास्त्रावर माझा विश्वास आहे असं नाही, पण अविश्वास दाखवायला नवीन घरच कशाला? मी रीतसर ठराव मांडला. सूचक मी, अनुमोदक रतनभाई. पाणी ईशान्येला वाहील, हे चौदा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर झालं. ऋतिका कपाळाला हात लावून म्हणाली, “काका, तिकडे लाइनच नाहीये ना! पाणी जाणार कुठे?” मी तिला समजावलं की पाणी आपली वाट आपण शोधतं. (तुम्हीही लग्नात तिच्यासारखंच म्हणालात, पाण्याला बहुमत कळत नाही, उतार कळतो. वाक्य चांगलं होतं. तेव्हा तसं बोलायचं राहून गेलं.) बिल्डरनं ठरावाची सही-शिक्क्यानिशी प्रत मागून घेतली आणि महिनाभरात ठरावाबरहुकूम गटार बांधून दिलं.

गेल्या गुरुवारी पालिकेचे अधिकारी तपासणीला आले आणि त्यांनी टँकरभर पाणी गटारात सोडायला लावलं. चंद्रप्रकाशराव, पाणी असं झकास वाहिलं म्हणून सांगू! कुठे अडलं नाही, कुठे रेंगाळलं नाही, थेट ईशान्येला गेलं. रतनभाईंनी हात जोडले. तिथे कुंपणाच्या भिंतीला टेकलं आणि थांबलं. मग वर आलं. मग आमच्या पार्किंगमध्ये आलं, आणि रतनभाईंनी त्याच आठवड्यात घेतलेल्या स्कूटरच्या सीटखालपर्यंत चढलं. मी बूट हातात घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा होतो. अधिकारी दोन पायऱ्या वर उभे होते. त्यांनी कागदावर एवढंच लिहिलं, ‘पाणी बाहेर जात नाही’, आणि दाखला न देता निघून गेले.

पण काळजीचं कारण नाही. इमारत उत्तम उभी आहे, रंग छान लागला आहे, फक्त पाणी तेवढं उलट्या दिशेला न्यायचं आहे. लताला आशीर्वाद, तुम्ही उन्हात फिरू नका.

तुमचा,
श्यामसुंदर

ता. क. रविवारी सकाळी दहाला सोसायटीची सभा आहे, ठराव रद्द करण्यासाठी. ऋतिकाचं कोणी ऐकत नाही, कालची पोर म्हणतात. माझंही कोणी ऐकत नाही, कारण सूचक म्हणून माझंच नाव आहे. तुम्ही तीस वर्षं गटार खात्यात इंजिनीयर होतात. तुम्ही येऊन उतार समजावलात तर ते मुकाट्यानं हात वर करतील. रिक्षा मी पाठवतो.

ता. क. दुसरा. गटार उखडून पुन्हा बांधायचा खर्च आणि नव्या आराखड्याचं शुल्क कोणी भरायचं, हे मी बिल्डरला विचारायला गेलो होतो. त्यानं माझंच कलम मला वाचून दाखवलं. या वेळी चहा नव्हता.

ता. क. तिसरा, आणि हा लिहायला गुरुवारपासून पाच दिवस लागले. पंगतीत मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो की तुम्ही जन्मभर गटारंच बघितलीत, तुम्हाला वर बघायची सवय नाही. ते ॲसिडिटीचं खोटं आहे. तुम्ही बरोबर होतात आणि मी तुमचा अपमान केला, माझं चुकलं, मला माफ करा. हा मजकूर रविवारी सभेत मोठ्यानं वाचलात तरी माझी हरकत नाही. आईला मात्र दाखला अडल्याचं एवढ्यात कळू देऊ नका. मी सांगितलेली तारीख काल होती, आणि ती कालपासून नवं लुगडं नेसून, ट्रंक बांधून दाराशी बसली आहे.