खरवडलेल्या कुंड्या

अण्णा, तुम्ही पंधरा दिवस देवदर्शनाला गेला होता, तेव्हा एका सकाळी मी, तुमच्या हाताखालचा नवा माळी, तुमच्या बारा कुंड्या चाकूनं खरवडून साफ केल्या.

बंगल्याच्या मालकांना दाट रानासारखी बाग हवी होती, पण बंगळूरच्या गारठ्यात तगणारी. म्हणून तुम्ही नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, पानामागची तपकिरी पूड कागदावर झाडून घेतली, माती उकळत्या पाण्यानं भिजवून निवू दिली, वर पूड पेरली आणि काचा झाकल्या. "उघडू नको," एवढंच मला सांगून गेलात. त्या सकाळी काचेखाली हिरवी साय दिसली. आमच्या गावच्या शाळेत माठाला शेवाळ दिसलं की गुरुजी ओणवं उभं करत. मी ती साय काढली, माती सारखी केली, काचा पुसून ठेवल्या. तुम्ही खूश व्हाल असं वाटत होतं.

तुम्ही आलात आणि रोज वाकून बघत राहिलात. काहीच उगवेना. एक दिवस हसून म्हणालात, "माझा हात मेला रे. आता जोंधळा पेरला तरी यायचा नाही." पुन्हा तुम्ही पूड पेरली नाहीत. पुढच्या हंगामात मालकांनी ते काम मला दिलं. माझ्या कुंडीत साय धरली तेव्हा मी चाकू घ्यायला वळलो, तर तुम्ही मनगट धरलंत. "अरे मुठ्ठाळा, वेड्या, शेवाळ नव्हे ते, नेच्याचं बाळपण आहे. स्वल्प थांब, त्यातूनच पान येईल." त्या क्षणी मला सगळं कळलं. तुम्ही माझ्या शेजारी उभे होता आणि मी गप्प राहिलो. तीन वर्षांनी तुम्ही गेलात.

त्यानंतर रोज पूजेला बसलो की देवापुढं कबूल करतो. देवाला सांगणं सोपं आहे, तो उलट विचारत नाही. हे पत्रही तसंच. कुठं धाडायचं नाही, म्हणून हात चालतो आहे. उलट विचारणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून काल जयनगरला तुमच्या लेकीकडे, अक्काकडे गेलो आणि तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तिनं कॉफीचा पेला माझ्यापुढं ठेवला, पण बसली नाही. "शेवटच्या आजारात अण्णा आपलेच हात उजेडात धरून बघत बसायचे. म्हणायचे, ह्यांना काय झालं असेल? आम्हाला वाटायचं, तापात बडबडतायत." मग म्हणाली, "तेव्हा का नाही बोललास? नोकरी जाईल म्हणून भ्यालास?"

तिनंच उत्तर हातात दिलं होतं. 'होय' म्हटलं असतं तर तिनं मान डोलावली असती.

"नाही अक्का," मी म्हणालो. "अण्णांचं काम माझ्याकडे आलं होतं. मला ते आवडलं होतं."