बाबा, गिअरबॉक्स शाबूत आहे

बाबा,

गिअरबॉक्स शाबूत आहे! खडखड सायलेन्सरची आहे. त्याला धरणारं रबर तुटलंय, म्हणून गाडी खड्ड्यातून गेली की तो वर आपटतो. एवढ्याशा रबरापायी तुम्ही गाडी विकायला काढलीत! ऑपरेशनपासून तुम्ही खाली वाकून पाहिलंच नाही, नुसत्या आवाजावरून निदान केलंत. आज मी स्वतः खाली शिरून पाहिलं.

आता रबर आणायला चाललेय. गाडी मागून उचललेली दिसेल, दचकू नका. जमीन सपाट आहे, गाडी गिअरमध्ये आहे आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावलेत. वजन दोन लोखंडी स्टँडवर आहे, जॅकवर नाही. खाली शिरण्याआधी जोर लावून हलवून पाहिली, तसूभरही हलली नाही!

गाडीखाली टेकू द्यायच्या तुमच्या विटा कुंपणाशी नेऊन ठेवल्यात. 'आमचं विटांवरच भागायचं' हे आल्यावर ऐकून घेईन, पण वीट काही सांगून फुटत नाही.

मी येईपर्यंत खाली जायचं नाही, जॅकला हात लावायचा नाही. बाहेर खुर्ची ठेवलीय. मी रबर बसवताना तुम्ही तिथे बसून बॅटरी धरा आणि माझ्यावर मनसोक्त ओरडा. हात थरथरला तरी चालेल, उजेड पुरतो.

संध्याकाळी गाडी बघायला येणाऱ्या गृहस्थांना आत्ताच फोन करा. मीही कळवलं असतं, पण गाडी तुमची आहे. 'विकायची नाही' हे तुम्हीच म्हणायला हवं.

धाकटी